तारलीचं ताट: मालवणातल्या एका खानावळीबद्दल

मालवणात जेवायला कुठे जायचं, असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते: तारली खाणार का? हो म्हणालात तर बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका गल्लीत पाठवते. सुरमई किंवा पापलेटच हवं असेल तर माझ्या सल्ल्याची गरज नाही, मालवणात खानावळींना तोटा नाही.

ही खानावळ म्हणजे राहत्या घराची पुढची पडवी. चार बाकं पडवीत, दोन आत माजघरात. दारावर नाव नाही. भिंतीवर काळा फळा आहे आणि त्यावर त्या दिवशी आलेली मासळी खडूने लिहिलेली असते. खानावळ चालवणाऱ्या काकी चुलीपाशी, त्यांचा मुलगा वाढायला, सून मासे साफ करायला आणि हिशेबाला. बाजारात "तारली थाळी खंय गावता?" म्हणून विचारलंत तर वाट सापडेल.

मी कुडाळला जीवशास्त्र शिकवते आणि माझं माहेर मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावरचं. त्यामुळे मासळीच्या ताटाकडे मी खाणारी म्हणून बघते तशीच शिकवणारी म्हणूनही बघते. गेली काही वर्षं माझं मत पक्कं होत गेलंय की किनाऱ्यावरची खानावळ पारखायची तर तिच्या तारलीवरून पारखावी. सुरमईच्या तुकडीला दोन दिवस बर्फ सोसतो, मसाला जाड लावला की तिसऱ्या दिवशीही कुणाला कळत नाही. तारलीला वय लपवता येत नाही. सकाळी जाळ्यातून निघालेली तारली दुपारपर्यंत नीट राहिली नाही, तर खाणाऱ्याला पहिल्याच घासाला समजतं. म्हणून बहुतेक खानावळी ती ठेवतच नाहीत. या घरात ती ठेवतात, आणि ज्या शिस्तीने ठेवतात त्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

आधी मासा नीट ओळखून घेऊ. तारली म्हणजे शास्त्राच्या भाषेत सार्डिनेला लाँगिसेप्स. हाताच्या वितीएवढी, साधारण 15 ते 20 सेंटिमीटर. पाठ निळसर हिरवी, पोट चांदीसारखं, कल्ल्याच्या मागच्या कडेला एक काळा ठिपका आणि त्याच्याजवळून शेपटीकडे गेलेली सोनेरी छटा. ही छटा ताज्या माशावरच दिसते. डोकं अंगाच्या मानाने लांब, जवळपास एक तृतीयांश. बाजारात पेडवे तारली म्हणून विकले जातात तेव्हा मी या डोक्याकडेच बघते. पेडवे याच कुळातले, चवीला चांगले, पण डोकं आखूड, अंग चपटं आणि तेल कमी. आमच्या खानावळीतल्या फळ्यावर पेडवे असतील तर पेडवेच लिहिलेलं असतं आणि भावही कमी असतो. गिऱ्हाइकाला फरक कळणार नाही अशा ठिकाणी खरं लिहिणं, हे मला त्या घराबद्दल सगळ्यात आधी आवडलं.

आता ताट. तारली थाळी 180 रुपयांना आहे, सुरमई थाळीच्या निम्म्याहून कमी. चार तळलेल्या तारल्या, वाटीभर तिखलं (माशाचं तिखट-आंबट कालवण), उकड्या तांदळाचा भात, दोन तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी, कांदा आणि लिंबू. भात हवा तेवढा, तिखलं एकदा परत मिळतं.

तळणीबद्दल थोडं सविस्तर सांगते. बहुतेक ठिकाणी मासा रव्यात घोळवून तेलात सोडतात. तारलीला रवा लागत नाही. तिच्या कातडीखालीच चरबीचा थर असतो, तवा तापला की तो सुटतो आणि मासा स्वतःच्याच तेलात खरपूस होतो. काकी मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ चोळून ठेवतात, दोन्ही बाजूंना तिरप्या चिरा देतात, तांदळाच्या पिठाचा नुसता हात फिरवतात आणि लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर भाजतात. घाई करत नाहीत. चिरांमुळे बारीक काटे तुटतात आणि भाजून मऊ होतात. तारलीच्या मांसात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे केसासारखे काटे असतात, तारली-पेडवे ज्यात मोडतात त्या हेरिंगच्या साऱ्या कुळाचीच ती रचना आहे, आणि तारलीला नाक मुरडणाऱ्यांचं पहिलं कारण तेच असतं. काकींच्या हातच्या तारलीचं शेपूट आणि पाठीची कड मी काट्यांसकट चावून खाते. त्यात कॅल्शियम भरपूर मिळतं हा वेगळा फायदा.

तिखलं मडक्यात शिजतं. वाटणात खोबरं फारच थोडं. सुकी मिरची, धणे, हळद, आंबटाला सोलं, आणि ठेचलेली तिरफळं. तिरफळ आणि तारली ही जोडी आमच्याकडे आणि गोव्यात पिढ्यान् पिढ्या टिकून आहे ती उगीच नाही. माशाच्या तेलाला एक उग्र वास असतो, तिरफळाचा लिंबासारखा, जिभेला झिणझिण्या आणणारा वास त्याला बरोबर पेलतो. वाटीत तिरफळं दिसतील, ती चावायची नसतात, बाजूला काढायची. शेवटी वरून कच्चं खोबरेल. हे तिखलं दुसऱ्या दिवशी अधिक मुरतं, असं घराघरांतून म्हणतात आणि घरी ते खरंही असतं. खानावळीत मात्र काकी उरलेलं तिखलं दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला वाढत नाहीत.

एकदा संध्याकाळी उशिरा गेले होते. फळ्यावर तारली पुसलेली होती. काकी म्हणाल्या, "बाय, रात्री तारली मी ठेवणंय नाय. सकाळी ये." आत शीतपेटीत मासे आहेत का विचारलं तर होते, पण ते घरच्यांसाठी, तळून लगेच संपवायचे होते. हा नियम त्यांनी पुस्तकातून घेतलेला नाही, सासूकडून घेतलाय. त्यामागचं शास्त्र मी वर्गात शिकवते, म्हणून इथे लिहिते.

तारली प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खाते. तिला दात जवळजवळ नसतात. तोंड उघडं ठेवून पोहायचं, पाणी कल्ल्यांतून बाहेर जाऊ द्यायचं आणि आत अडकेल ते गिळायचं, अशी तिची जेवणाची रीत. कल्ल्याच्या कमानीवर आतल्या बाजूला बारीक दाते असतात; मोठ्या तारलीत कमानीच्या नुसत्या खालच्या भागावर ते दीडशेहून जास्त, कधी दोनशेच्याही वर. पेडव्यांत हीच संख्या शंभराच्या बरीच आत राहते. विद्यार्थ्यांना मी बाजारातली तारली आणून कल्ला कापून भिंगाखाली दाखवते. चहाच्या गाळणीची जाळी जितकी बारीक तितका चोथा कमी, तसंच हे. एवढ्या दाट जाळीमुळे तारलीला डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेली एकपेशी शैवालंसुद्धा गाळून घेता येतात. समुद्रात अन्नाची जी पहिली पायरी असते तिथेच ती जेवते. सुरमई त्याहून वरच्या पायरीवर. म्हणून समुद्र तेवढ्याच डायटमांवर सुरमईपेक्षा कितीतरी पट जास्त तारली पोसू शकतो.

पण याच जेवणात तिच्या नासण्याची गोष्ट आहे. जाळ्यात सापडते तेव्हा तिचं पोट बहुधा भरलेलं असतं आणि पाचकरस कामात असतात. मासा मेला तरी ते रस थांबत नाहीत. बर्फ मिळाला नाही तर काही तासांत पोटाची भिंत आतूनच विरघळते आणि पोट फुटतं. बाजारात पोट फुटलेली तारली दिसली तर ती उन्हात किंवा बर्फाविना राहिली आहे असं समजावं. दुसरी गोष्ट तिच्या मांसाची. सतत पोहणाऱ्या अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर. मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते खाल्लं की चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं. लोक याला "मासा बाधला" म्हणतात. मुद्द्याची गोष्ट अशी की हिस्टामिन शिजवून, तळून किंवा पुन्हा गोठवून जात नाही. एकदा तयार झालं की झालं. तिसरी गोष्ट चरबीची. तारलीत ओमेगा-3 प्रकारची चरबी भरपूर, हृदयाला चांगली म्हणून ज्याच्या गोळ्या विकतात ती. ती हवेशी लगेच संयोग पावते आणि खवट होते. म्हणूनच ही मासळी फ्रीजरमध्ये महिनोन् महिने ठेवून चांगली राहत नाही.

हे सगळं लक्षात घेतलं तर काकींचा नियम किती बरोबर आहे ते कळेल. त्यांचा मुलगा पहाटे बंदरावर लिलावाला जातो, तारली बर्फासकट डब्यात आणतो, सून लगेच डोकं आणि आतडी काढते, पोटाची धारदार कड कापते, आणि मासे परत बर्फात जातात. पोटाच्या कडेला खालून करवतीसारखे खवले असतात, ते काढले नाहीत तर घशाला लागतात. अंगावरचे बाकीचे खवले मात्र हाताने चोळलं तरी निघतात. दुपारी साडेतीनपर्यंत जे संपेल ते संपेल. मी विचारलं होतं की सगळं संपलं नाही तर नुकसान किती होतं. सून म्हणाली, तारली स्वस्त आहे, गिऱ्हाईक महाग आहे.

सगळं वर्ष तारली सारखी नसते, आणि इथे या खानावळीची खरी मजा आहे. तारलीची वीण पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, त्यातही पहिल्या दोन-तीन महिन्यांत जास्त. मादी उघड्या समुद्रात हजारोंच्या संख्येने अंडी सोडते. ती तरंगत राहतात आणि साधारण एका दिवसात फुटतात. पिल्लू पहिल्याच वर्षात 14-15 सेंटिमीटरचं होतं आणि विणायला तयार होतं. आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. म्हणजे तारलीचा साठा ही मुख्यतः एकाच वर्षाची पुंजी असते. एक पावसाळा बिघडला की पुढच्याच वर्षी जाळी रिकामी.

पाऊस लागतो तेव्हा दक्षिणेकडे, विशेषतः केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, वारा पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि खालचं थंड, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर डायटमांचं पीक येतं. याच पिकावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात तारली चरते. फ्राजिलेरिया ओशॅनिका नावाचा एक डायटम तर भारतीय शास्त्रज्ञांनी 1955 सालीच तारलीच्या मुबलकतेची खूण म्हणून नोंदवला होता. वीण झालेल्या ओढलेल्या माशात चरबी दोन-चार टक्के असते, तीच हिवाळ्याच्या तोंडावर पंधरा टक्क्यांच्या वर जाते. त्या दिवसांत काकी तवा सुका ठेवतात, एक थेंबही तेल टाकत नाहीत, आणि तरी तारली भाजून झाल्यावर तव्यावर तेलाचं थारोळं असतं. जुन्या काळी मलबारपासून गोव्यापर्यंत हे तेल उकळून काढत, लाकडी होड्यांना चोपडत, आणि उरलेला चोथा माडांना घालत.

म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर हा माझ्या मते तारली खायला उत्तम काळ. जानेवारी-फेब्रुवारीतही चांगली. मार्च-एप्रिलात मासा हडकुळा होऊ लागतो, मग काकी तळण कमी करून तिखलं वाढवतात. जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते; त्या दिवसांत फळ्यावर खाडीचे मासे, सुकट आणि खेकडे येतात. पावसाळ्यात छोट्या होड्यांतून कधी तारली आलीच तर गाबोळीवाली असते. काकी ती घेत नाहीत. मला हे फार पटलं. पोटात अंडी असलेला मासा चवीला बरा लागतो म्हणून लोक मागतात, पण दोन वर्षं जगणाऱ्या माशाची अंडी ताटात आली तर पुढच्या हिवाळ्याचं ताट कुठून येणार?

या प्रश्नाला उत्तर आकड्यांत आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार 2012 साली एकट्या केरळात तारलीची आवक 3.9 लाख टन होती. 2021 साली ती 3,297 टनांवर आली. शून्य विसरलेलं नाही, तीन हजार दोनशे सत्त्याण्णवच. 1994 नंतरची सगळ्यात कमी. मग 2023 मध्ये पुन्हा 1.38 लाख टन. एवढ्या उड्या दुसऱ्या माशात क्वचित दिसतात. पावसाचं गणित, समुद्राचं तापमान, खालून वर येणाऱ्या पाण्याचा जोर, आणि लहान मासे वाट्टेल तसे उपसणं, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. मालवण अक्षांश 16च्या जवळ आहे, आणि पश्चिम किनाऱ्यावर तारलीचा जुना मुख्य पट्टा 8 ते 16 अंशांतला. म्हणजे आपण त्या पट्ट्याच्या उत्तर टोकावर बसलो आहोत. दक्षिणेत भरपूर असली की आपल्याकडे सांडते, तिथे आटली की आपल्याकडे आधी कळतं. त्या वाईट वर्षांत काकींच्या फळ्यावर कित्येक आठवडे "पेडवे" हाच शब्द असायचा, तारली नाही. थाळीचा भावही त्यांनी तसाच खाली ठेवला.

आणि थव्याची गोष्ट सांगितल्याशिवाय तारलीबद्दल बोलणं पुरं होत नाही. लाखोंनी एकत्र पोहणारा हा मासा एकमेकांना धडकत कसा नाही? डोळे तर आहेतच, पारदर्शक चरबीच्या पडद्याने झाकलेले. त्याशिवाय डोक्यावर सूक्ष्म नलिकांचं जाळं असतं, शेजारच्या माशाच्या हालचालीने पाण्यात उठणारी थरथर ते टिपतं. बहुतेक माशांच्या अंगावर बाजूने जी संवेदनेची रेघ दिसते ती तारलीच्या अंगावर नसते, सगळं डोक्यात. शिवाय पोटातल्या हवेच्या पिशवीची टोकं आतल्या कानापर्यंत गेलेली असतात, त्यामुळे ऐकू फार चांगलं येतं. डॉल्फिन किंवा सुरमई चाल करून आली की अख्खा थवा एका क्षणात वळतो आणि हजारो चांदीच्या अंगांच्या लखलखाटात शिकाऱ्याला एक मासा धरणं अवघड होतं. एकट्या तारलीला समुद्रात फारसं भवितव्य नाही.

पण थव्यात राहणं हेच जाळ्यापुढे तिचं मरण होतं. दांडीवर माझ्या लहानपणी रापण लागायची. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ करून परत यायची आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढायची. कुणीही हात लावला तर त्याला वाटा मिळायचा. रात्री पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले की उजेड उठतो, त्यावरून जाणते थवा ओळखायचे. दिवसा पाण्याचा रंग आणि पक्ष्यांची झुंबड बघायचे. पर्ससीन जाळं तोच अख्खा थवा गोल घेरून खालून दोरी ओढून बंद करतं. त्याचं एक ओढणं रापणीच्या कित्येक दिवसांएवढं. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, आणि 5 फेब्रुवारी 2016 च्या शासन आदेशाने राज्यात पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ ठेवला. 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकारही ठरवून दिला. कायदा कागदावर राहतो की बंदरावर पोचतो, हे लिलावातल्या टोपल्या बघून समजतं. काकींच्या मुलाने मला सांगितलं की अजून बोटाएवढी तारली विकायला येते आणि ती मुख्यतः मासळीच्या भुकटीच्या कारखान्यांना जाते, कोंबड्यांचं आणि कोळंबीचं खाद्य बनवायला. एक किलो भुकटीला चार-पाच किलो ताजे मासे लागतात. माणसाने थेट खाल्ली तर ज्याचं अन्न होतं, त्याचा असा चुरा करणं मला बरोबर वाटत नाही. अशी बोटाएवढी तारली हे घर विकत घेत नाही. ताटात आलेली प्रत्येक तारली मी मापून बघितली आहे, हाताच्या वितीने, आणि मला अजून विणायच्या आधीचं पोर सापडलेलं नाही.

आता तक्रारी. शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात इथे जेवण वेगळं मिळतं. पडवीबाहेर रांग लागते, तवा भरून जातो, मध्यम आच मोठी होते आणि तारलीची कातडी करपून आतलं मांस कोरडं पडतं. एका गर्दीच्या दुपारी माझ्या ताटात रव्याचा जाड थर आला. विचारल्यावर कळलं की बाहेरगावच्या लोकांना तसंच हवं असतं. मी काकींना स्पष्ट सांगितलं की इथल्या तारलीची ती ओळख नाही. त्या हसल्या, पण पुढच्या वेळी रवा नव्हता. तिखलं तिखटाच्या बाजूला झुकतं. ज्यांना सवय नाही त्यांनी सोलकढी आधीच जास्त मागून घ्यावी. सोलकढी मात्र नेहमी ताजी, नारळाच्या दुधाची, पावडरीची नाही. हात धुवायला मागच्या अंगणात जावं लागतं, पावसात तिथे घसरायला होतं, आणि स्वच्छतागृह घरचंच आहे, म्हणजे रांग. पैसे रोख किंवा यूपीआयने. कार्ड चालत नाही. वाढणारा मुलगा चांगला आहे, पण चार टेबलं एकदम भरली की भात दुसऱ्यांदा विचारायचं विसरतो, आपणच हाक मारायची.

तारल्या नाहीत असं सांगितलं तर हट्ट करू नका, बदल्यात पेडव्याचं तिखलं घ्या. हळदीची पानं मिळतात त्या दिवसांत, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर, पेडवे वाटण लावून पानात गुंडाळून तव्यावर भाजतात, तेही मागितल्याशिवाय मिळत नाही कारण फळ्यावर कधीच लिहिलेलं नसतं. तारलीला मी या ताटात सगळ्यांत वर ठेवते, पण पानातल्या पेडव्याला लगेच तिच्या खाली.

जाताना काही गोष्टी पाळल्यात तर बरं. साडेबाराच्या आत पोचा. बसायच्या आधी फळा बघा आणि "आजची आसा मा?" असं विचारायला संकोच करू नका, काकींना राग येत नाही, उलट बर्फातला मासा बाहेर काढून दाखवतात. डोळा फुगीर आणि काळाभोर, कल्ला लाल, पोट घट्ट, कल्ल्यामागची सोनेरी छटा शाबूत, एवढं बघा. लहान मूल सोबत असेल तर त्याला पाठीकडून खायला शिकवा: बोटाने पाठीची कड उचलायची, मग वरचा अर्धा भाग मधल्या काट्यापासून अलगद सुटतो, मधला काटा शेपटीकडून धरून उचलला की खालचा भाग मोकळा. माझा भाचा पाच वर्षांचा असताना इथेच शिकला. रक्तदाबाची औषधं घेणाऱ्या माझ्या वडिलांना डॉक्टरांनी मासे खा म्हटलं तेव्हाही मी त्यांना इथेच घेऊन आले, काकींना मीठ कमी घालायला सांगितलं आणि त्यांनी वेगळा तवा ठेवला.

पार्सल तारलीचं मिळत नाही. मागितलं तर काकी म्हणतात, "हय बसान खा." बाकीची मासळी बांधून देतात.